बाळकृष्ण कवळीच्या डबीत

कुमुदिनीबाईंनी बाळकृष्णाला कवळीच्या डबीत बुडवलं, वर झाकण लावलं आणि हात जोडून म्हणाल्या, "माफ कर रे बाबा. पण या घरात दुसरं कुणी उघडणार नाही अशी ही एकच वस्तू आहे."

डबी नवी कोरी होती. केमिस्टकडून परवाच आणलेली, कवळीचा वाराही न लागलेली. तेव्हा सोवळ्याची अडचण नव्हती. अडचण होती मागण्याची. लोक देव पाण्यात घालून बसतात ते पोर पास व्हावी म्हणून. कुमुदिनीबाईंनी घातला होता तो नात नापास व्हावी म्हणून.

सिया इंजिनिअर झाली होती. बापासारखी ब्रिस्टलमध्येच विमानांच्या कंपनीत खुर्चीवर बसून सुखाने नोकरी करायची, तर या बाईसाहेबांना विमानं उडवायची होती. तीही लढाऊ. मंगळवारी लिंकनशायरला ब्रिटिश हवाई दलाची परीक्षा होती. महिनाभर पोरगी वरच्या खोलीत सराव करत होती. उजव्या हातात दांडा, पडद्यावर पळणारा ठिपका, कानात आकडे, आणि मध्येच रंगीत चौकोन उगवला की डाव्या हाताने बटण.

"आजी, तू आकडे वाच ना. एकदम फास्ट."

आजींनी मुद्दाम श्वासही न घेता वाचले. वर मध्येच "भूक लागली का गं?" असंही विचारून घेतलं. सियाने ठिपका न सोडता सगळे आकडे उलटे म्हणून दाखवले आणि आपल्या ब्रिस्टली मराठीत म्हणाली, "नाही, भूक नाही लागला."

त्या क्षणी कुमुदिनीबाईंना कळून चुकलं. पोरगी पास होणार होती.

त्यांचा थोरला भाऊ हवाई दलात होता. पासष्टच्या लढाईत आईने नागपूरच्या घरी सगळे देव परातीत बुडवले होते, बावीस दिवस. रेडिओवर बातम्या लागल्या की आई परात घट्ट धरून बसायची. पाणी बदलायचं काम अठरा वर्षांच्या कुमुदकडे. भाऊ सुखरूप आला, पुढे नातवंडं खेळवून म्हातारा होऊन गेला. पण त्या पाण्याचा गारठा कुमुदिनीबाईंच्या बोटांतून साठ वर्षांत गेला नव्हता.

"आई, आजही प्रेशरची गोळी घेतली नाहीत?" सून शिल्पा विचारायची.

"कशाला घेऊ? पोरीला बंदुका लावलेल्या विमानात बघायला?"

खरं तर पाण्यात घालायला त्यांना गणपतीच हवा होता. पण सोमवारी सिया लिंकनशायरला निघून गेल्यावर त्या देव्हाऱ्यापाशी गेल्या, तर गणपती जागेवर नाही! विचारणार कुणाला? 'तुम्हाला गणपती कशाला हवा होता?' असं कुणी उलट विचारलं तर? म्हणून मुकाट्याने बाळकृष्ण उचलला. संध्याकाळी दिवा लावायला गेल्या, तर अन्नपूर्णाही नाही. कुमुदिनीबाईंनी रिकाम्या देव्हाऱ्यातच दिवा लावला. असलं मागणं ऐकून देव एकेक करून घर सोडून चालले होते.

मंगळवारी सकाळी मुलगा हरीश आंघोळ करून, लेकीसाठी म्हणून वर्षातून पहिल्यांदा पूजेला बसला आणि ओरडला, "शिल्पा! चोरी झालीय! देव्हारा रिकामा आहे!"

"लॅपटॉप?"

"आहे."

"माझ्या बांगड्या?"

"अगं, सगळं आहे. फक्त देव नेलेत!"

शिल्पाने डोक्याला हात लावला. तोवर हरीशने पोलिसांना फोन लावलाही होता. "नो, नो, नॉट पीपल. गॉड्स. थ्री." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "अबाउट टू इंचेस," हरीश म्हणाला. पुन्हा विचारलं गेलं. "यस. टू."

आता पोलिसांशी खोटं बोलायची वेळ येणार! कुमुदिनीबाई म्हणाल्या, "ठेव तो फोन. बाळकृष्ण माझ्याकडे आहे." आणि त्यांनी डबी आणून टेबलावर ठेवली.

"आई! कवळीच्या डबीत?"

"नवी आहे."

"अगं, पण पोरगी पास व्हावी म्हणून लपवून कशाला..." हरीशने आईच्या तोंडाकडे बघितलं आणि थांबला. "पास व्हावी म्हणूनच ना?"

कुमुदिनीबाई टेबलक्लॉथची सुरकुती सरळ करू लागल्या.

शिल्पा उठली. ओट्यावर भिजत घातलेल्या छोल्यांच्या पातेल्यात तिने कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून अन्नपूर्णा काढून बाळकृष्णाशेजारी ठेवली.

"तूसुद्धा नापास व्हावी म्हणून?" हरीश किंचाळला. "मग रोज तिला बदाम कोण भिजवून देत होतं?"

"बदाम द्यायला मी आई आहे, आणि घाबरायलाही मीच आहे."

"धन्य! आणि गणपती?"

सासूने सुनेकडे बघितलं, सुनेने सासूकडे. तेवढ्यात कुमुदिनीबाईंचा फोन वाजला.

"आजी, तू स्पीकरवर आहेस," सियाचा आवाज बारीक झाला होता. "मला गेटवर थांबवलंय. माझा वॉटर बॉटल त्यांनी स्कॅन केला. आत गणपती आहे."

"तू घातलास?"

"तूच सांगितलं ना, तुझ्या आईचा गोष्ट. मला भीती वाटत होता, आजी. खूप. पण यांना मला नीट एक्सप्लेन नाही करता येत, पाण्यात कशाला. तू सांग ना. साडेआठला दार बंद करतात."

भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून चोवीस मिनिटं झाली होती. पलीकडून एका माणसाने अदबीने विचारलं की, मॅडम, ही वस्तू काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे का?

'नाही' म्हटलं की झालं. 'नाही'सुद्धा कशाला, नुसतं गप्प बसलं तरी पुरे. सहा मिनिटं! बाळकृष्णाने मागणं ऐकलं होतं, आणि तेही इतक्या तातडीने की कुमुदिनीबाईंना त्याचीच भीती वाटली. फोनमधून सियाचा श्वास ऐकू येत होता. नर्सरीच्या पहिल्या दिवशी आजीचं बोट सोडताना घेत होती तसा.

"दॅट इज गॉड," कुमुदिनीबाई मोठ्यांदा म्हणाल्या. "माय गॉड, फ्रॉम नागपूर. वी पुट इन वॉटर, फॉर एक्झाम. व्हेन वर्क इज डन, वी टेक आउट. प्लीज, लेट हर गो. शी विल बी लेट!"

पलीकडे तो माणूस हसला. त्याची आजी म्हणे काही हरवलं की ते सापडेपर्यंत सेंट अँथनीच्या मूर्तीला भिंतीकडे तोंड करून उभं करायची. जा, पोरी, पळ.

फोन बंद झाला. शिल्पा पदर नव्हता म्हणून टी टॉवेलने डोळे पुसत होती. कुमुदिनीबाईंनी दोन्ही देवांपुढे हात जोडले. काय मागावं ते मात्र सुचेना.

संध्याकाळी फोन आला. सिया पास झाली होती. साधीसुधी नाही, वैमानिकासाठी लागतात त्याहून पुष्कळ जास्त गुण मिळवून.

"आई, देव कोरडे करून जागेवर ठेवू का?" शिल्पाने हळूच विचारलं.

"थांब. सिया, पुढे काय गं आता?"

"मेडिकल, इंटरव्ह्यू, मग ट्रेनिंग. आणि मग बारा वर्षं सर्व्हिस, आजी!"

"बारा," कुमुदिनीबाई म्हणाल्या. त्यांनी बोटांवर मोजलं. त्यांना अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली होती. मग त्या उठल्या, डबीतलं पाणी बदललं, बाळकृष्णाला पुन्हा आत सोडलं आणि झाकण लावलं.

"हरीश, माझ्या प्रेशरच्या गोळ्या कुठे आहेत रे?"

"आता कशाला, आई?"

"कशाला म्हणजे? बारा वर्षं रोज पाणी कोण बदलणार? तू?"