देवस्थळींचा साधा प्रश्न

जपानात, नागोयाला सकाळी कचरा ठेवायला खाली उतरलं, की माणसं फार तर हवेवर बोलतात. आमचे शेजारी देवस्थळी हातात रिकाम्या बाटल्या घेऊन विचारायचे, "वहिनी, प्रश्न साधा आहे. इंग्रज न्यूझीलंडला घरं बांधून कायमचे राहिले, मग पुण्यात का नाही राहिले?" सकाळी सात वाजता!

माणूस मोटारींच्या गिअरचा इंजिनीयर, इतिहासाशी काडीचा संबंध नाही. पण त्यांची बायको सुनंदा दोन महिन्यांत "मला नाही करमत" म्हणून पुण्याला परत गेली आणि देवस्थळींनी एक वही सुरू केली. परक्या मुलखात माणूस टिकतो कशानं? रकाने आखले: ताप, थंडी, जमीन, प्रवास. पश्चिम आफ्रिकेत गोरे तापानं मरायचे, फुली. कॅनडात गहू पिकायचा, बरोबर. मी वैतागून म्हटलं, अहो, तिथे आधीपासून राहणाऱ्यांना हुसकलं त्याचं काय? त्यांनी पट्टी घेऊन पाचवा रकाना आखला.

नोकरीचा करार वाढवायचा की नाही, ते देवस्थळींना मार्चअखेर कंपनीला कळवायचं होतं. सुनंदा येणार नसेल तर तेही पुण्याला परत जाणार होते. म्हणून रकान्यांबरहुकूम घर सजलं. हीटर आला, कढीपत्त्याची कुंडी आली. फोनवर सगळं ऐकून ती नुसतं "बरं" म्हणाली म्हणे.

त्यांच्या कारखान्यात ब्राझीलहून आलेले जपानी वंशाचे कामगार होते. एकाची सत्तरीची आई लहानपणी जपानहून बोटीनं तिकडे गेलेली, आता मुलाबरोबर इथे परतलेली. एका रविवारी देवस्थळी तिला गाठायला निघाले, सोबत मलाही ओढलं. ब्राझीलच का, म्हणून त्यांनी विचारलं. ताप? जमीन? आजीबाई हसल्या. त्यातलं आपल्याला काही ठाऊक नाही म्हणाल्या. वडील एका पायावर तयार होते, आई अडून बसली होती. मग आधी गेलेल्या शेजारणीचं पत्र आलं, आमच्या बाजूचं घर रिकामं आहे, ये. आईनं त्याच दिवशी भांडी बांधली.

देवस्थळींनी वही उघडलीच नाही. परतताना जिन्यात थांबले.

"वहिनी, सुनंदाला एक पत्र लिहाल? मी लिहितो ती सगळी हवामानाचीच होतात."

मी हो म्हटलं, पण मान वर होईना. ती दोन महिने माझ्या भिंतीपलीकडे राहिली आणि मी एकदाही तिची बेल वाजवली नव्हती. त्या माणसानं ते बोलूनसुद्धा दाखवलं नाही.

त्याच दुपारी लिहायला बसले. पहिली ओळ माफीची लिहिली.