चंपाकळी हत्तीण किल्ल्याचे दरवाजापुढे बैसली, त्याची हकीकत

श्रीगजाननाचे मुख आमच्याच जातीचे, म्हणोन त्यांस आधी सोंड उचलोन वंदन. शके सोळाशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरे, फाल्गुन मासी जे घडले, ते आम्ही चंपाकळी हत्तीण, डोळां देखिले तैसे सांगतो.

नदीपलीकडील किल्ल्यात आमचा जन्म. दस्तगीर माहुताने आम्हांस वाढविले, हातावर गुळाचा खडा ठेवोन उठणे-बसणे शिकविले. मग किल्लेदार आणि नदीअलीकडील महाराज यांची सोयरिक जाहली, आणि आम्हांस महाराजांस नजराणा म्हणोन दिले. दस्तगीर काठापर्यंत पोहोचवावयास आला, पाण्यात उतरला नाही. अलीकडे रायाजी माहूत लाभला, तोही मायाळू. पुढे बरीच वर्षे लोटली, आणि व्याह्यांत मानापानावरून वितुष्ट पडले, आणि महाराजांनी त्याच किल्ल्यास वेढा घातला. दरवाजा तोफांस दाद देईना. मग हुकूम जाहला की हत्तीण लावावी. आमचे कपाळी लोखंडी तवा बांधिला, दारू पाजली, आणि रायाजीस मानेवर घेऊन आम्ही धावत निघालो. दरवाजावर तेलाची कढई उकळत होती, आणि तिजपाशी किल्लेदारांनी दस्तगीरासच उभे केले होते, कारण हत्तीस कोठे भाजते हे त्यास ठाऊक. त्याने खाली पाहिले तों आम्हांस ओळखिले. बोलिला, "चंपे, बैस गं." दारूचा अंमल होता, कर्णे वाजत होते, तरी तो आवाज कानी आला आणि आम्ही बैसलो. किल्लेदार म्हणाले, "उलट कढई." दस्तगीर बोलिला, "सरकार, माझ्याच्याने होणार नाही. मलाच ढकला खाली." इकडे रायाजीने अंकुश आमचे कानामागे टेकविला आणि तैसाच धरोन राहिला. "ऊठ बाई," म्हणाला, "नाही तर माझी मान जाते." परंतु अंकुश रोविला नाही.

मग महाराज स्वतः घोडा पुढे घालोन आले आणि कारण पुसिले. रायाजी म्हणाला, "महाराज, हिला वाढविणारा वर उभा आहे. त्याचा शब्द माझ्या आधीचा." महाराजांनी वर पाहिले, तों कढई अजून उलटली नव्हती. मग कर्णे थांबविले आणि हाक दिली, "व्याही, तुमचाही माणूस ऐकेना काय?" वरून उत्तर आले, "नाही ऐकत." त्यावरी दोघे पुष्कळ दिवसांनी एकमेकांशी बोलिले, आणि सांजवेळी दरवाजा आतून उघडला. तहात महाराजांनी आम्हांस परत देऊ केले. दस्तगीराने येऊन तवा सोडविला, कपाळ चोळिले, कानामागे हात फिरविला, तेथे जखम नव्हती. रायाजीकडे बोट करोन म्हणाला, "हिला याच्याकडेच असू द्या. मी थकलो." तो निघाला तेव्हा आम्ही सोंडेने त्याचे पागोटे ओढिले. त्याने ते आमचेपाशीच राहू दिले.

येणेप्रमाणे तह जाहला. दरबारी लिहिणारे त्याचे श्रेय कारभाऱ्यांचे अकलेस देतात; देवोत बापडे. त्या दिवशी दोन माणसांनी हुकूम मोडिला म्हणोन दोहींकडील पुष्कळ लोक घरी जेवले. आम्ही फक्त बैसलो होतो, आणि उठताना गुडघे फार दुखले. इति.