आधी बोट आण

केजला एसटी स्टँडच्या मागं महालिंगआप्पाचं दोरखंडाचं दुकान आहे. तिथं गेलात तर राम राम घालू नका, तो घेणार नाही. "आधी बोट आण," म्हणेल. तुम्ही कासरा न्यायला आलेले असा नाहीतर लग्नाची पत्रिका द्यायला, आप्पा तुमच्या बोटाला एक चिमटा लावणारच. त्यावर लाल आकडा उमटतो. रक्तात प्राणवायू किती, ते त्यात कळतं. सत्त्याण्णव आला की आप्पा मान हलवतो, "जग अजून." मग काय पाहिजे ते विचारतो.

एकदा बाजारात त्यानं तो चिमटा तलवाड्याच्या एका माणसाच्या बैलाच्या कानाला लावला. आकडा काही येईना. आप्पा हळहळला. "आकडा खोटं बोलत न्हाई. तुझा बैल गेलाय बघ." बैल उभ्यानं कडबा खात होता.

मी त्याचा पन्नास वर्षांचा शेजारी. मी कुणाचं ऐकत नाही आणि तो कुणाला बोलू देत नाही, म्हणून जमलं आमचं.

हे चिमट्याचं खूळ आलं झोपेपायी. दोर मोजायची आप्पाची रीत जुनी आहे. दोन्ही हात पसरायचे, छातीवरून दोर ताणायचा, ती एक वाव. तिसऱ्या वावेला हात पसरलेलेच राहायचे आणि मान खाली जायची. गिऱ्हाईक टोक धरून उभं. दुपारचं ऊन हळूहळू दुकानात सरकत यायचं, काथ्याचे बारीक तंतू त्यात तरंगायचे, आणि मधोमध आप्पा पंख पसरलेल्या घारीसारखा घोरत असायचा. सगळं दुकानच जमिनीपासून वीतभर वर उचलल्यासारखं वाटायचं. उठवायला जीव व्हायचा नाही.

घोरणं तरी कसलं! भिंतीपलीकडं माझ्या माठातलं पाणी थरथरायचं. मी त्याला कैकदा सुनावलं, की आमच्या खानदानात आजवर कुणी घोरलं नाही, घोरणं हे ढिल्या माणसाचं काम.

मग एक दिवस तो मोपेडवर झोपला आणि ज्वारीत शिरला. तेव्हा मीच त्याला बीडच्या डॉक्टरकडं नेला. डॉक्टर म्हणाले, झोपेत याचा घसा मिटतो, श्वास थांबतो, प्राणवायू उतरतो आणि हा दचकून जागा होतो. रात्रभर हेच चालतं, मग दिवसा अंगात जीव कुठून राहणार? त्यांनी प्राणवायू बघायला हा बोटाचा चिमटा दिला आणि रात्री लावायला एक मशीन. नाकावर मुखवटा, मुखवट्याला नळी, नळीतून साध्या हवेचा जोर. घसा उघडा राहतो. आप्पाला ते लगेच पटलं. पोत्याचं तोंड मिटलं तर माल आत कसा जाईल, म्हणाला.

गावात मात्र आप्पाला हवेवर ठेवलंय अशी आवई उठली. नारायणगडाला दर्शनाला निघालेले पाहुणे जीप वळवून शेवटचं भेटायला आले. आप्पानं सगळ्यांची बोटं तपासली. एका मेहुण्याचा चौऱ्याण्णव आला, तर त्याचाच हात हातात घेऊन बराच वेळ धीर देत बसला.

सहा महिने झाले तरी थकवा जाईना. बोटावर शहाण्णव, आणि माणूस तसाच दोर ताणून झोपलेला. मी म्हणालो, मशीन बोगस आहे. परत बीड गाठलं. डॉक्टरांनी मशीनमधलं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं आणि आप्पाकडं बघितलं. रोज दोन तासच मशीन चालतंय, म्हणाले. दिवसाचा आकडा जागेपणीचा, त्याचा काय उपयोग? रात्री तो खालीच जातोय. असंच चाललं तर हृदय किती दिवस साथ देईल सांगता येत नाही.

मी म्हणालो, "आकडा खोटं बोलत न्हाई, व्हय रे?"

आप्पा पंख्याकडं बघत राहिला. परतीच्या जीपमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला झाडायलाच गेलो. घरात पडदा ओढलेला, आत पिवळा मऊ अंधार. वैनी खाटेवर. साखरेनं त्यांची नजर गेलीय, तीन वर्षं झाली. खाटेशेजारी आप्पा भिंतीला टेकून बसलेला, मुखवटा मांडीवर, त्याचं एक बोट वैनींच्या मुठीत. डोळे टक्क उघडे. आणि हा गडी घोरत होता. मुद्दाम, तालात.

मला बघून त्यानं दुसऱ्या हातानं गप बस म्हणून खुणावलं. मी जवळ जाऊन टेकलो. मग दोन घोरण्यांच्या मधे तो कुजबुजला.

"चाळीस वर्सं ही माझं घोरणं ऐकत झोपली. आवाज थांबला की श्वास थांबला, मग हलवून उठवायची. त्या मशीननं आवाजच जातो बे. दिसत तर न्हाई तिला. सारखी नाकापाशी हात आणून बघती, मी हाय का न्हाई."

"मग कवर घोरतो असा?"

"मूठ ढिली पडस्तोवर. रातच्याला कधी दोन वाजतेत, कधी पहाट."

एवढं बोलून तो परत घोरायला लागला. डोळ्याखाली काळी वर्तुळं, ओठ सुकलेले. मी त्याच्या मांडीवरचा मुखवटा उचलला आणि त्याच्या नाकाला लावला. त्यानं मान हलवली. मी डोळे वटारले. पट्टा मीच ओढला, बटण मीच दाबलं. मशीन लांबच्या ओढ्यासारखं वाहायला लागलं.

आणि मी घोरायला सुरुवात केली.

पहिला सूर खोकल्यासारखा निघाला. दुसरा शिंकेसारखा. तिसऱ्या-चौथ्याला जमलं, मग लय लागली. आप्पाचे डोळे जड झाले, मान भिंतीला कलली, खांदे उतरले. बोट तेवढं मुठीत तसंच. त्याच्या तोंडावर इतकी शांत झोप मी पन्नास वर्षांत बघितली नव्हती. मला हुरूप आला, मी जोर वाढवला.

वैनींचे डोळे मिटलेलेच होते.

"हळू, भावजी," त्या म्हणाल्या. "त्यांचा डोळा लागलाय."