पहिलं आलेलं गाढव

एका जंगलात एक गाढव होतं. बाळांनो, उगाच शेजारच्याकडे बघून हसू नका. ते गाढव म्हणजे मी.

माझं नाव सुलक्षण. आईनं ठेवलं. आई वीटभट्टीवरून पळून जंगलात आली होती. जंगलात विटा नव्हत्या, पण ओझी होतीच. कुणाला बिऱ्हाड हलवायचं असलं, कुणाच्या लग्नाची भांडी आणायची असली, की आईला हाक यायची. तिच्या पाठीवर केस उरले नव्हते. मला शाळेत घालताना ती एवढंच म्हणाली, "लेकरा, डोक्यात काय कोंबायचं ते कोंब. पाठीवर मात्र काही घेऊ नकोस."

त्या जंगलातल्या हायस्कुलात मी दहावीला पहिला आलो. हो, पहिलाच! गुरुजी सगळ्या वर्गाला 'गाढवांनो' म्हणायचे. मला वाटायचं, ते एकट्या माझ्याशीच बोलताहेत. म्हणून मी कान टवकारून ऐकायचो. बाकीच्यांनी ऐकलंच नाही.

शिवाय मला 'नेतृत्वगुण' पुरस्कारही जाहीर झाला. सहलीत मी सगळ्यांच्या पुढे चालतो आणि सगळे माझ्यामागून येतात, असं गुरुजींच्या नजरेस आलं होतं. सगळ्यांचे डबे माझ्या पाठीवर असतात म्हणून ते मागून येतात, हे त्यांच्या नजरेस आलं नव्हतं. मीही आईला सांगितलं नव्हतं.

नदीपलीकडे मोठं कॉलेज होतं. तिथं शिकलेल्याला ओझी वाहावी लागत नाहीत, असं सगळं जंगल म्हणायचं. निकाल पौर्णिमेला लागला आणि प्रवेश अमावास्येपर्यंत होते. वेळ भरपूर होता. आई म्हणाली, "उद्या सकाळीच नीघ."

सकाळीच दारात हरिभाऊ हजर. हरिभाऊ म्हणजे वानर, गुणगौरव समितीचे अध्यक्ष. जंगलात कुणीही काहीही मिळवलं, की त्याच्या गळ्यात हार आधी हरिभाऊंचा पडायचा.

"सुलक्षण, आज तुझा सत्कार. कुठं जाऊ नकोस."

"पण मला कॉलेजात..."

"अरे, कॉलेज कुठं पळून जातंय? सत्काराला नाही म्हणू नये. लोकांना वाईट वाटतं."

दोन सागांच्या मध्ये फ्लेक्स लागला. त्यावर हरिभाऊ, हरिभाऊंचे बंधू आणि हरिभाऊंचे मार्गदर्शक. खाली कोपऱ्यात मी. माझा एक कान जागेअभावी कापला होता.

आमच्या जंगलात सत्काराची एक रीत आहे. आधी दीपप्रज्वलन. मग पाहुण्यांचा सत्कार. मग पाहुण्यांना ज्यांनी आणलं त्यांचा सत्कार. मग ज्यांनी मांडव घातला त्यांचा. सगळ्यांना शाल आणि नारळ देऊन झालं आणि तरी उजेड शिल्लक असला, की विद्यार्थ्याचा. त्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा काजवे निघाले होते.

दुसऱ्या दिवशी घोड्यांच्या संघटनेनं बोलावलं. हे घोडे आम्हाला त्यांच्या पाणवठ्यावर पाणी पिऊ द्यायचे नाहीत. पण निकालानंतर मी 'समस्त खूरवाल्या समाजाचा सुपुत्र' झालो होतो. पाणी मात्र त्यांनी भाषणानंतरही दिलं नाही. मग कोल्ह्यांच्या पतसंस्थेनं बोलावलं. मग गिधाडांच्या ज्येष्ठ नागरिक संघानं. तिथं सगळे माझ्याकडे फार प्रेमानं बघत होते. मी लवकर निघालो.

वर्गातला भिवा रानडुक्कर रोज भेटायचा. तो काठावर पास झाला होता. "सुल्या, चल की रे कॉलेजात," तो म्हणायचा. "मी एकटाच किती दिवस थांबू? मला कुणी बोलवत नाही, हाकलतही नाही."

"उद्याचा एक सत्कार झाला, की निघूच," मी म्हणायचो. मला त्याची दयाच यायची. बिचाऱ्याच्या अंगावर एक शाल नाही! शेवटी तो एकटाच चिखल तुडवत निघून गेला.

आणि खरं सांगू? थोडा मोह आईसाठीही होता. प्रत्येक समारंभात तिला पहिल्या रांगेत बसवायचे. तिला जन्मात कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं. तिच्या पुढ्यात नारळ ठेवला, तेव्हा ती त्याच्याकडे बघतच राहिली. जी आई 'सकाळीच नीघ' म्हणाली होती, तीच म्हणू लागली, "एवढा एक घेऊ, मग जा."

सगळे सत्कार आटोपून मी निघालो. सोबत शाली, नारळ आणि पितळी मोर. पुरावा म्हणून सगळं पाठीवर घेतलं होतं. त्या वजनानं नदीत दोनदा बुडता बुडता वाचलो. कॉलेजच्या खिडकीत कासव बसलं होतं.

"प्रवेश काल संपले," कासव म्हणालं.

"अहो, मी पहिला आलोय!"

कासवानं मान बाहेर काढून माझ्यामागचा रिकामा रस्ता पाहिला. "मला तर शेवटचा दिसतोयस," ते म्हणालं आणि खिडकी लावली.

परत आलो तेव्हा हरिभाऊ कळवळले. "वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्यात नेतृत्वगुण आहेत. आजपासून समितीचं सगळं साहित्य तुझ्या नेतृत्वाखाली इकडून तिकडे जाईल."

अशी माझ्या पाठीवर शाली-नारळांची गोणी आली. आई नुसती माझ्या पाठीकडे बघत बसली. ते बघणं मला पुढे खाल्लेल्या हरिभाऊंच्या काठ्यांपेक्षा जास्त लागलं.

वर्षं गेली. मी गोणी घेऊन पुढे आणि समिती मागे. नेतृत्व अबाधित होतं. एका वर्षी नदीपलीकडून प्रमुख पाहुणे आले. बघतो तर भिवा! गळ्यात कॉलेजचा पट्टा, चालणं संथ. भाषणात म्हणाला, "मी सामान्य विद्यार्थी होतो. माझं कुणी कौतुक केलं नाही. म्हणून मी इथवर पोचलो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी जास्तच वाजवल्या. गाढवापुढे वाचली गीता, पण या वेळी गाढवाला थोडी कळली होती.

पुढच्या वर्षी शर्वरी नावाची भेकराची पोर पहिली आली. तिलाही नेतृत्वगुण पुरस्कार होता. एकदा वणवा दिसताच ती भेकरांच्या रीतीनं भुंकत सगळ्या शाळेच्या पुढे पळाली होती, म्हणून. पोरगी खरीच हुशार. पण अमावास्या आली, तरी तिचे सत्कार संपत नव्हते.

शेवटच्या सकाळी मी गोणी घेऊन मांडवाकडे निघालो होतो. ती वाटेत आली. गळ्यात कालचा हार, तोही सुकलेला.

"सुलक्षणकाका, आज प्रवेशाचा शेवटचा दिवस आहे. हरिभाऊ म्हणतात, आज तीनच सत्कार राहिलेत. ते झाले की जाऊ ना मी?"

"तुझी आई काय म्हणते?"

"आई म्हणते, एवढे तीन घेऊ, मग जा."

बाळांनो, भाषण मला कधी जमलंच नाही. मला फक्त एकच गोष्ट येते, आणि ती कुठल्या शाळेत शिकावी लागत नाही. मी वाटेच्या मधोमध बसलो.

समिती धावत आली. आधी गोंजारलं, मग ओढलं, मग काठ्या घातल्या. मी हललो नाही. गोणी सोडवायला गेले त्यांना लाथा बसल्या. मांडवात पाहुणे खोळंबले. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण तुम्ही पाठ केली असेल. मी ती पाहिली. हरिभाऊ माझे पाय धरून म्हणत होते, "सुलक्षणराव, उठा हो!" जन्मात पहिल्यांदा मला कुणी 'राव' म्हणालं.

एका सशानं सुचवलं, "नारळ राहू द्या. पोरीला नुसतं शाब्बास म्हणू या का?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. "नुसतं?" हरिभाऊ म्हणाले. "रिकाम्या हातानं? जंगलाची काही शोभा आहे की नाही?"

नारळ नाही तर सत्कार नाही. तिन्ही सत्कार पुढे ढकलले गेले. शर्वरी अजून उभीच होती. मी तिला म्हटलं, "बघत काय बसलीस? पळ!" ती पळाली. नदीत उडी पडल्याचा आवाज आला, मग पलीकडच्या काठावरून तिचं भुंकणं ऐकू आलं, तेव्हा कुठं मी उठलो.

समितीनं मला काढून टाकलं. 'गाढव ते गाढवच' असा ठराव एकमतानं झाला. मोकळ्या पाठीनं घरी आलो. आता फार म्हातारी झालेली आई माझ्या पाठीवरचे वळ चाचपू लागली.

"पोर पोचली का?"

"पोचली, आई."

आईनं कोपऱ्यातून एक नारळ काढला. माझ्या पहिल्या सत्काराचा. इतकी वर्षं तिनं तो फोडला नव्हता. आता दगडावर आपटला. आतलं पाणी कधीच आटून गेलं होतं. सुकून खोबऱ्याचा गोटा झाला होता. आम्ही दोघांनी तो खाल्ला. गोड होता.

तात्पर्य : मुलांनो, खूप अभ्यास करा, पण पहिले येऊ नका. चुकून आलातच, तर नारळ वाहणारं गाढव वाटेत अडावं म्हणून देवाला तोच नारळ बोला.