सोनवणे काकांची खाज

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले सोनवणे काका कुणाच्याही घरी गेले की आधी पिशवीतून वर्तमानपत्र काढतात, ते सोफ्यावर पसरतात आणि मग त्यावर बसतात. उठताना त्याची घडी घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरतात आणि पिशवीला गाठ मारतात. हे सगळं यजमानाच्या डोळ्यांदेखत. आमच्याकडे पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी विचारलं, सोफा ओला लागला का? "ओला नाही हो वहिनी. पण स्वच्छ आहे याची खात्री काय?"

सरकारी बांधकाम खात्यात दुसऱ्यांच्या नकाशांमधल्या चुका काढण्यात काकांची सगळी हयात गेली. निवृत्त झाल्यावर तेच काम ते बिनपगारी करतात. दूधवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा, गॅलरीत कबुतरांना दाणे टाकणाऱ्या आजी, सगळ्यांना एकच प्रश्न: खात्री काय? लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारण्याची कुणाची हिंमत झालेली नाही, पण उत्तर अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे.

अशा माणसाला खरूज झाली.

बातमी त्यांनीच फोडली, तीही नोटीस बोर्डावर. 'काही सभासदांच्या अस्वच्छतेमुळे' अशी सुरुवात होती. संशयितांमध्ये जिन्याचा कठडा, इस्त्रीवाला आणि माझा सोफा. मी त्यांना आठवण करून दिली, की माझ्या सोफ्याला त्यांचा स्पर्श आजवर कधीच झालेला नाही. त्यावर ते म्हणाले, वर्तमानपत्र पातळ असतं.

त्वचारोगाच्या डॉक्टरबाईंनी उपचार चोख सांगितले होते. मानेपासून तळपायापर्यंत मलम लावून रात्रभर ठेवायचं, आठवड्याने आणखी एकदा, आणि कपडे-चादरी गरम पाण्यात धुवायच्या. काकांनी पँटी अशा काही उकळल्या की त्या घोट्याच्या वर आल्या. पण खाज काही थांबेना. खरजेचे किडे मेले तरी त्वचा दोन-चार आठवडे चिडलेली राहते, तेव्हा घाबरून पुन्हा मलम लावू नका, असं बाईंनी बजावलं होतं. काकांना ते मंजूर नव्हतं.

"मेलेत, तर मग चावतंय कोण?" त्यांनी मला जिन्यात अडवून विचारलं. जणू मी त्या किड्यांची वकील होते.

मग त्यांनी स्वतःच्या अधिकारात दर दोन दिवसांनी मलम चोपडायला सुरुवात केली. वर कडकडीत पाण्याची आंघोळ, त्यात जंतुनाशकाची दोन झाकणं. पंधरा दिवसांत काका सोललेल्या बिटासारखे दिसायला लागले. सोसायटीच्या सभेत पार्किंगवर बोलता बोलता ते खांबाला पाठ घासू लागले, तेव्हा अध्यक्षांनी दहा मिनिटांत सभा गुंडाळली. इतकी छोटी सभा आमच्याकडे कधीच झाली नव्हती. बरेच जण खूश होते.

एका सकाळी त्यांच्या बाहीवर रक्ताचे डाग दिसले. मग मात्र मीच त्यांना स्कूटरवर घालून डॉक्टरबाईंकडे नेलं. ते माझ्यामागे इतकं अंतर राखून बसले होते, की मधे आणखी एक जण सहज मावला असता.

बाईंनी बोटांच्या बेचक्या, मनगटं, कंबर भिंगातून तपासली. नवं पुरळ नव्हतं, किडाही नव्हता. मलम किती वेळा लावलं, या प्रश्नावर काका पंख्याकडे बघू लागले. तेव्हा त्यांच्या कचऱ्याच्या डब्यात दिसलेल्या रिकाम्या ट्यूबांविषयी मी सांगून टाकलं.

"काका, किडे कधीच मेले," बाई म्हणाल्या. "आता तुम्ही स्वतःची कातडी जाळताय."

मलम बंद, कढत पाणी बंद, जंतुनाशक बंद. कोमट पाण्याने आंघोळ, अंग पुसल्यावर लगेच साधं मॉइश्चरायझर, झोपताना खाजेची गोळी, आणि नखं बारीक कापायची. आणखी दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही, किंवा नवं पुरळ आलं, तर दाखवायला यायचं.

आता काका वाद घालणार, म्हणून मी खुर्ची मागे सरकवली. पण ते म्हणाले, "एवढं लिहून द्या. खाज असली तरी माझ्यापासून दुसऱ्याला होणार नाही म्हणून."

कुणाला दाखवायचंय, असं बाईंनी विचारलं.

काका तुटक तुटक सांगू लागले. शब्बीर इनामदार हे त्यांचे खात्यातले शेजारच्या टेबलावरचे मित्र. मानेच्या मणक्याला मार लागल्यापासून ते कात्रजच्या पुढे एका शुश्रूषागृहात असतात. बायको वारली, मुलगी परदेशात. काका दर रविवारी जाऊन त्यांची दाढी करतात, नखं कापतात. खरूज तिथेच पसरली होती, आणि हे काकांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तिथल्या सगळ्यांचे उपचार झाले होते. पण खाज पूर्ण थांबेपर्यंत यायचं नाही, असं तिथल्या सिस्टरने काकांना सांगितलं होतं. ती लवकर थांबावी म्हणून हा मलमाचा मारा.

"मग माझा सोफा?" मी विचारलं.

"शब्बीरचं नाव कसं घेणार, वहिनी? लोकांनी त्याला घाणेरडा म्हटलं असतं."

काका बाईंकडे वळले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मला अजून खाज येते, म्हणजे त्यालाही येत असणार. मी खाजवतो तरी. त्याला जाणवतं सगळं, पण दोन्ही हात उचलत नाहीत."

बाईंनी चिठ्ठी लिहून शिक्का मारला.

रविवारी मीच त्यांना कात्रजला सोडलं. सिस्टरने चिठ्ठी दोनदा वाचली आणि आत जाऊ दिलं. शब्बीरभाई भिंतीकडे तोंड करून पडले होते. काकांनी मॉइश्चरायझरची बाटली उघडली, त्यांचा सदरा वर सरकवला आणि विचारलं, "कुठे?"

"डावीकडे," शब्बीरभाई म्हणाले. "वर. अजून वर."

मग त्यांनी डोळे मिटले. काकांची स्वतःची मान लालबुंद झाली होती, पण त्यांचे दोन्ही हात त्या पाठीवर फिरत होते. मी बाहेर जाऊन बाकावर बसले. तासाभराने डोकावलं, तेव्हाही ते चोळतच होते.