मातीची भाकरी आणि दोन विहिणी

मुलांनो, कुणी जेवायचा आग्रह केला, तर तुम्ही नाही म्हणता का? म्हणत असाल, तर ही गोष्ट नीट ऐका.

एका जंगलात तानूबाई नावाची साळिंदर राहायची. तिची लेक सुंदरा लग्नाची झाली होती. डोंगरापलीकडच्या अंबूबाईंच्या मुलाशी बोलणी चालली होती. अंबूबाईही साळिंदरच, पण रीतभातीच्या फार कडक. आधीची दोन स्थळं त्यांनी मोडली होती. एका घरी पाण्याबरोबर गूळ दिला नाही आणि दुसऱ्या घरी निघताना कुणी थांबा म्हटलं नाही, एवढ्यावरून.

होकार द्यायच्या आधी त्यांनी तानूबाईला एक दिवस बरोबर फिरायला बोलावलं. जायचं कुठे, तर नदीकाठच्या 'पूर्वजांच्या गावा'त. ते नवीनच निघालेलं संग्रहालय होतं. तिथे काचेची कपाटं नव्हती. पगारी प्राणी दिवसभर पूर्वजांसारखे दळायचे, कांडायचे, भांडायचे, आणि तिकीट काढून आलेले प्राणी ते बघायचे. नियम एकच होता. सूर्य मावळेपर्यंत पूर्वजपणा सोडायचा नाही. जो सोडेल, त्याची नोकरी गेली.

पहिल्याच घरात एक मुंगूसबाई चुलीपाशी बसली होती. पुढ्यात ताट वाढलेलं. भाकरी, पिठलं, कांदा. सगळं मातीचं, वर छान रंग दिलेला. मुंगूसबाईला दोनच वाक्यं पाठ करायला दिली होती. त्यातलं पहिलं ती म्हणाली, "आल्यासारखं दोन घास खाऊन जा."

बाकीचे प्राणी हे ऐकून हसायचे आणि पुढच्या घराकडे वळायचे. तानूबाईही वळलीच होती. पण अंबूबाई तिच्याकडे टक लावून बघत होत्या. एवढ्या आग्रहाला नाही म्हणणाऱ्या बाईची लेक आपल्या घरी कशी वागेल, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. तानूबाई परत फिरली. तिने मुकाट्याने मांडी घातली, भाकरीचा तुकडा मोडला आणि चावला. करकर आवाज झाला.

आता पंचाईत अंबूबाईंची झाली. होणारी विहीण जेवतेय आणि आपण उभं राहायचं? त्याही बसल्या.

मुंगूसबाई घाबरली. हे खोटं आहे असं सांगावं, तर नोकरी जाणार. गप्प बसावं, तर पूर्वज काही असे गप्प बसत नसत. म्हणून तिने दुसरं वाक्य म्हटलं, "आणखी थोडं घ्या. संकोच करू नका."

दोघींनी आणखी थोडं घेतलं.

तानूबाई मनातून रडकुंडीला आली होती. जिभेला पिवळा रंग लागला होता. तरी तिने हळूच विचारलं, "पिठल्यात मीठ बेताचंच आहे, नाही?"

"मला बेताचंच आवडतं," अंबूबाई म्हणाल्या आणि अख्खा कांदा गिळून मोकळ्या झाल्या.

ताट संपलं, तरी मुंगूसबाईचा आग्रह संपेना, कारण तिसरं वाक्य तिला दिलंच नव्हतं. मग दोघींनी मडकी खाल्ली. उतरंड खाल्ली. चूल अर्धी-अर्धी वाटून घेतली. दारात बघ्यांची गर्दी झाली. पूर्वजांच्या आहारात घराला किती महत्त्व होतं, हे एक विद्वान ससा सगळ्यांना समजावून सांगत होता.

दोघी भिंतीकडे वळणार, इतक्यात सूर्य मावळला.

"बाई, ते सगळं मातीचं होतं हो," मुंगूसबाई हुंदके देत म्हणाली.

"असू दे गं. तू वाढलंस मात्र मनापासून," अंबूबाई म्हणाल्या. मग पोटावर पंजा ठेवून त्या तानूबाईकडे वळल्या. "चला विहीणबाई, साखरपुडा उरकून घेऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुंदराचा साखरपुडा झाला. पोट बिघडल्यामुळे दोन्ही विहिणींनी पेढ्याला हातसुद्धा लावला नाही.

तात्पर्य : खरं जेवण नको म्हटलं तरी चालतं. खोटं मात्र ताटासकट संपवावं, कारण सोयरीक त्यावरच जुळते.