लोटन आबांना नऊ चालत नाही

"बैल जुंपेल व्हता का मोकया?"

हाताला प्लास्टर, डोक्याला पट्टी आणि भूल नुकतीच उतरलेली, अशा माणसाच्या खाटेशी उभं राहून लोटन आबा हे विचारत होते. दुखतंय का, पाणी हवं का, काही नाही. बैल जुंपलेला होता की मोकळा?

तो माणूस कण्हत म्हणाला, "आबा, हात मना मोडना. तुमले बैलनं काय पडेल शे?"

मलाही तेच विचारायचं होतं, पण माझी हिंमत नव्हती.

आमचं हॉस्पिटल धुळ्यात हायवेला लागून आहे, त्यामुळे अपघाताचे पेशंट रोजचे. पेशंट घरी जाण्याआधी त्याची फाइल आमच्या रेकॉर्ड विभागात येते. तिथे प्रत्येक दुखापतीला एक कोड द्यायचा असतो. अपघात असेल तर तो कसा झाला, याचाही कोड. गाडी कोणती, कशावर आदळली, पेशंट चालक होता की नुसता बसलेला. हे काम लोटन आबा करतात. कॉलेजने मला दोन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी त्यांच्या हाताखाली पाठवलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही. त्यामुळे एखादी गोष्ट कळली नाही तर ती विचारायची असते, हे मला उशिरा कळलं. सांगतील ते मी गुपचूप लिहायची.

बैलाचा उलगडा आबांनीच नंतर केला. बैल जुंपलेला असेल तर त्या माणसाची मोटरसायकल बैलगाडीवर आदळली, म्हणजे वाहनावर. मोकळा असेल तर जनावरावर. दोन्हींचे कोड वेगळे. हे सांगताना त्यांचा चेहरा असा, की जणू बैलालाच न्याय मिळाला.

आबांचा खरा राग मात्र नऊवर. तपशील माहीत नसेल तर बहुतेक कोडच्या शेवटी नऊ टाकता येतो. दोन सेकंदांचं काम. मला तो आकडा फार आवडायचा, कारण नऊ टाकले की मी पाचला सुटायची.

"नऊ म्हणजे आळस," आबा फाइल परत माझ्यापुढे सरकवायचे. "हा माणूस काय हवेवर आदळला?"

मग मी फाइल घेऊन वॉर्डात. परत आले की, "आणि ट्रक उभा होता का चालता?" पुन्हा वॉर्डात. नर्स मला पाहून पडदा ओढून घ्यायच्या. एकदा चहाच्या टपरीवर शेजारच्या माणसाच्या पायाला प्लास्टर दिसलं. तो म्हणाला, "पडलो." आबांनी कप खाली ठेवला. "पडला, का पाडला?" त्यांच्या चौकशीत माझाही चहा गार झाला. वैताग वैताग म्हणतात तो मी तिथे शिकले.

अशातच सुकलालची फाइल आली. तो सोनगीरजवळच्या एका खेड्यातला, भाजीपाल्याची पिकअप चालवणारा. ट्रकने समोरून ठोकलं होतं. उजवा हात आणि मांडी मोडलेली. फाइलवर लिहिलं होतं, 'पुढच्या सीटवरील प्रवासी'. मी प्रवाशाचा कोड टाकला. नऊ नव्हता, म्हणून खुशीतही होते.

आबांनी फाइल वाचली आणि थांबले. "उजव्या खांद्यावर पट्ट्याचा वळ, असं लिहिलंय. पुढे बसणारा प्रवासी डावीकडे असतो. त्याचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो. मग हा वळ उजवीकडे कसा?"

मी फाइल जवळ ओढून ती ओळ पुन्हा वाचली.

"याचा भाऊ उद्या विम्यासाठी कागद न्यायला येणार. चालक म्हणून दावा आणि कागदावर प्रवासी? सरळ नामंजूर होईल. त्या दिवशी त्याचं म्हणणं कोणी ऐकलं होतं?"

मी ऐकलं होतं. सुकलालला आणलं तेव्हा मी दुसऱ्या एका फाइलसाठी अपघात विभागातच उभी होते. तो म्हणाला होता, "गाडी मीच हाकी र्‍हायंतू. म्होरे बठेल व्हतू, ट्रक आंगवर उना." डॉक्टर बाहेरगावचे, नवे. त्यांनी मला विचारलं, काय म्हणतोय हा? मी म्हणाले, पुढे बसला होता म्हणतो. तेवढंच. गाडी तोच चालवत होता, हे मी गाळलं. मला अहिराणी येते हे तिथे कुणाला कळू नये, असं मला वाटायचं. म्हणून मीही अर्धवट समजल्यासारखं केलं.

हे सगळं मी आबांना सांगितलं. मला वाटलं, आता प्रशिक्षण संपलं.

"अहिराणी बोलनं गुन्हा शे का, पोरी?" एवढंच म्हणून ते उठले.

डॉक्टरांची लिहिलेली ओळ आम्ही बदलू शकत नाही. त्यांनीच खाली दुरुस्तीची नोंद करून सही करावी लागते. आबा ऑपरेशन थिएटरबाहेर दोन तास उभे राहिले, मी त्यांच्या मागे. डॉक्टर वैतागून म्हणाले, "आता तुम्ही मला शिकवणार का?"

"मी नाही साहेब. वळ शिकवतोय."

मग मी पुढे होऊन, सुकलाल खरं काय म्हणाला होता ते सांगितलं. डॉक्टरांनी वॉर्डात जाऊन त्याला स्वतः विचारलं आणि सही केली. कागद वेळेत गेले.

महिन्याभराने विमा मंजूर झाल्याचा भावाचा फोन आला. रविवारी आबा म्हणाले, "चल, सुकलालकडे जाऊन येऊ. थोडी माहिती राहिली आहे." फाइल तर बंद झाली होती. चरफडत मी बसमध्ये बसले.

सुकलाल ओट्यावर पाय लांब करून बसला होता. आबांनी पेन काढलंच नाही. कोणत्या हाताने जेवतोस, झोप लागते का, असलं विचारत राहिले. सुकलालने आधी एकेका शब्दात उत्तरं दिली. मग म्हणाला, "डोया मिटात का ट्रकच दिसस, आबा." आणि तो तासभर बोलला. आबा नुसते ऐकत होते. असल्या गोष्टीला आमच्याकडे रकाना नाही, हे मला माहीत होतं.

सुकलालच्या आईने जेवायला वाढलं. ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी आणि ठेचा. "आखो ल्या ना, आबा."

आबांनी तिसरी भाकरी घेतली. "सात वर्स व्हयनात अशी भाकर खाई," असं ताटाकडे बघत म्हणाले.

परतीच्या बसमध्ये माझ्या लक्षात आलं, की साऱ्या जगाला प्रश्न विचारणाऱ्या या माणसाला मी इतक्या दिवसांत एकही प्रश्न विचारला नव्हता.

"आबा, तुमना घर कोन कोन शे?"

ते खिडकीबाहेर बघत बोलू लागले. बायकोबद्दल, तिच्या आजाराबद्दल, मग सात वर्षांच्या एकट्याच्या स्वयंपाकाबद्दल. धुळ्याचं स्टँड आलं, बस रिकामी झाली. कंडक्टरने हाक मारली, "आबा, उतरा ना आते."

"थांब ना भाऊ," आबा म्हणाले. "हिनी इचारेल शे."